लिज्जत पापड: पापडाला साडेचार स्टार, कारभाराला पूर्ण पाच

लिज्जत पापडाचा कोण रिव्ह्यू लिहितं, असं म्हणाल. खरंय, कुणी लिहीत नाही. मोबाईल कव्हरचे रिव्ह्यू पानंच्या पानं वाचतो आपण आणि जो पापड लहानपणापासून वरणभाताबरोबर खातोय त्याबद्दल कुणी दोन ओळी टाकत नाही, म्हणून म्हटलं आपणच टाकूया. निमित्त असं झालं की मध्यंतरी घरी एका नव्या ब्रँडचे पापड आले होते, नाव नाही घेत, 'आजीच्या हातचे' टाइप. खाकी खोका, आत सुतळी बांधलेली पिशवी, हाताने लिहिल्यासारख्या फॉन्टमध्ये छापलेलं थँक्यू कार्ड, त्यावर गावाकडच्या मावश्यांचा हसरा फोटो आणि किंमत नेहमीच्या पापडाच्या तिप्पट. निम्मे पापड तुटलेले निघाले म्हणून मेसेज केला तर पलीकडून "हाय डिअर, युअर हॅपिनेस मॅटर्स टू अस" आणि मग चार दिवस चिडीचूप. मावश्यांना यातले किती मिळतात असंही विचारलं होतं मी, खोचकपणे नाही, खरंच जाणून घ्यायचं होतं. त्याला तर उत्तरच नाही आलं.

तर लिज्जत.

आधी पापड, कारण शेवटी पैसे आपण त्याचेच देतो. मी मुख्यतः उडदाचा, काळ्या मिरीवाला साधा घेते. पिशवी फोडल्यावर पहिल्यांदा हिंगाचा वास येतो, मग मिरीचा. पापड उजेडासमोर धरला तर भरडलेल्या मिरीचे तुकडे दिसतात, पावडर नाही, तुकडे, आणि कडेपासून मधापर्यंत जाडी जवळजवळ सारखी. ज्यांनी कधी घरी पापड लाटलेत त्यांना माहितीये की हे किती अवघड आहे, आपले पापड मधे जाड आणि कडेला कागद असे होतात, किंवा उलटं. भाजायचा असेल तर थेट गॅसवर, मध्यम आचेवर, चिमट्यात धरून आधी कडा फिरवून घ्यायच्या आणि मग मधला भाग, एका जागी दोन सेकंदसुद्धा थांबायचं नाही. कडा राहून गेल्या तर त्या चिवट लागतात आणि आपण उगाच पापडाला नावं ठेवतो. नीट भाजला की बारीक बारीक फोड येतात, रंग पिवळटावरून पांढरट होतो आणि एकदोन काळे ठिपके, तेवढे पाहिजेतच. ज्यांच्याकडे इंडक्शन आहे त्यांनी तव्यावर फडक्याने दाबून भाजावा, जमतो, पण ती चव नाही. मायक्रोवेव्हमध्ये मिनिटभराच्या आत होतो, कुरकुरीत होतो, डाएटवाले खूश होतात, मला मात्र तो भाजलेला वाटतच नाही. तळायचा असेल तर तेल चांगलं तापलेलं हवं, पापड टाकला की लगेच फुलून वर आला पाहिजे आणि लगेच काढला पाहिजे.

बाकी प्रकारांत लसणाचा चांगला आहे, पण तो डाळखिचडीबरोबरच, एरवी नुसता खाल्ला तर दुपारभर लसूण आठवत राहतो. पंजाबी मसाला पाहुण्यांसाठी, मसाला पापड करायचा असेल तर हाच घ्या, वरच्या कांदा-टोमॅटोखाली त्याची चव मरत नाही. मुगाचा पचायला हलका म्हणून आमच्याकडे वडीलधाऱ्यांसाठी येतो, माझ्या जिभेला तो जरा शांत लागतो. बीपी असलेल्यांनी कुठलाही पापड जपूनच खावा, मीठ आणि पापडखार दोन्ही असतात त्यात, ते काही ब्रँड बदलून कमी होत नाही. अर्धा स्टार मी तिथे कापलाय, म्हणजे पापड या जातीचाच कापलाय.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते.

आमच्या ओळखीतल्या एक काकू लिज्जतचे पापड लाटतात. मुंबईच्या उपनगरातल्या चाळीत दोन खोल्या, पुढच्या खोलीत एका भिंतीला खाट, खाटेखाली स्टीलचे डबे, आणि सकाळी दहानंतर गेलात तर जमिनीवर पोळपाट आणि शेजारी उपडी टाकलेली मोठी टोपली, तिच्या फुगीर पाठीवर गोल गोल पापड वाळत घातलेले. लाटताना त्या बोलतात पण हात थांबत नाही. लाटी दाबायची, एकदा उलटायची, लाटणं फिरवत जायचं, पापड स्वतःच गोल फिरतो, आणि मग उचलून टोपलीवर टाकताना तो अजिबात दुमडत नाही. मी प्रयत्न केला तर माझा नकाशा झाला. त्यांनी तो हसून बाजूला ठेवला, पाकिटात नाही जाणार म्हणाल्या, तुझ्या चहाबरोबर भाजते. मी विचारलं, "काकू, एवढ्यात एखादा जाड गेला तर कुणाला कळणारे?" तर म्हणाल्या, "अगं तिथं तपासायला बसते ती पण माझ्यासारखीच लाटणारी होती, तिला हातात घेतल्या घेतल्या कळतं. आणि माझ्या पापडाने नाव गेलं तर बाकीच्या बायका मला गाडीत बसू देतील का?"

गाडी म्हणजे लिज्जतच्या केंद्राची मिनीबस. पहाटेच केंद्रावर पीठ मळायचं काम सुरू होतं, बायका येतात, कालचे वाळलेले पापड देतात, ते वजन होऊन तपासले जातात, लाटण्याचे पैसे, म्हणजे तिकडच्या भाषेत वणाई, हातात पडतात आणि आजचं मळलेलं पीठ घेऊन त्या घरी. पैसे रोजच्या रोज. महिन्याच्या एक तारखेला नाही, 'प्रोसेस होतंय' नाही. तुम्ही आम्ही सॅलरी स्लिपवाले लोक, आपल्याला यातलं महत्त्व पटकन कळत नाही. ज्या घरात नवऱ्याचं काम आज आहे उद्या नाही, तिथं रोज सकाळी बाईच्या हातात आलेली रोख म्हणजे संध्याकाळची भाजी, पोराची वही, गॅसचा नंबर लागला तर त्याचे पैसे. आणि ते मागावे लागत नाहीत, हे जास्त महत्त्वाचं.

आता गंमत बघा, हे रोजचे पैसे द्यायचे तर माल उधारीवर विकून कसं चालेल? म्हणून विक्रेत्यांकडून माल उचलतानाच रोख घ्यायची पद्धत पडली. धंद्याची सगळी शिस्त त्या एका गोष्टीतून आली असं मला वाटतं, की लाटणारीला थांबवून ठेवायचं नाही. आजकाल उलटं असतं, कंपनीचे पैसे मार्केटमध्ये अडकलेत म्हणून पगार लांबला, आणि आपण समजून घ्यायचं, कारण 'वुई आर अ फॅमिली'. फॅमिली हा शब्द ऑफिसात ऐकला की मी हल्ली आधी पीएफ जमा झालाय का बघते.

इतिहास बऱ्याच जणांना तुकड्या तुकड्यात माहिती असतो, थोडक्यात सांगते. १५ मार्च १९५९, गिरगावातल्या लोहाणा निवासची गच्ची, सात बायका, ८० रुपये उधार घेतलेले, आणि पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटं. जसवंतीबेन पोपट त्या सातांपैकी एक, त्यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा टीव्हीवर पाहिल्या असतील तुम्ही. उधार देणारे आणि पुढे मार्गदर्शन करणारे छगनलाल करमशी पारेख, ज्यांना सगळे छगनबापा म्हणायचे. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये. आज उलाढाल १,६०० कोटींच्या वर सांगतात आणि भगिनी, म्हणजे सभासद बायका, ४५ हजारांच्या आसपास, देशभर शाखा. आकडे मोठे आहेत पण मला त्यातल्या छोट्या गोष्टीच जास्त आवडतात.

एक म्हणजे पहिला पावसाळा. गच्चीवर ऊन नाही म्हणून चार महिने काम बंद पडलं होतं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणली, एक स्टोव्ह आणला, पापड खाटेवर पसरायचे आणि स्टोव्ह खाली ठेवायचा, झालं. फंडिंग नाही, कन्सल्टंट नाही. गिरगावातल्या पावसाळ्यात कपडे कसे वाळवतात हे ज्या बायकांना माहिती त्यांना पापड वाळवायला कितीसा वेळ लागणार.

दुसरी गोष्ट, आणि ही ग्राहक म्हणून आपल्या कामाची. सुरुवातीला दोन प्रतीचे पापड करायचे, एक जरा स्वस्तातला. छगनबापांनी सांगितलं की एकच प्रत करा, चांगली, आणि दर्जात तडजोड नको. ऐकायला साधं आहे पण विचार करा, गरीब बायका, भांडवल नाही, स्वस्त माल पटकन खपतो हे दिसतंय, आणि तरी तो बंद करायचा. आज मी ठाण्यात घेतला, भाचीने न्यू जर्सीतल्या इंडियन स्टोअरमध्ये घेतला, तरी पापड तोच लागतो, एक्स्पोर्ट क्वालिटी वेगळी आणि आपल्याला उरलेलं, असला प्रकार नाही. हापूसच्या बाबतीत आपण काय भोगतो ते आठवा.

तिसरी, देणगी घ्यायची नाही हे पहिल्यापासून ठरलेलं, तोटा झाला तरी. मला हे फार भारी वाटतं. कारण 'गरीब बिचाऱ्या बायकांना मदत म्हणून घ्या' असं सांगून एकदा पाकीट खपतं, दुसऱ्यांदा नाही खपत. आपल्याकडे कित्येक चांगल्या उपक्रमांचं हेच होतं, प्रदर्शनात स्टॉल, आपण दया म्हणून काहीतरी घेतो, घरी येऊन ते कपाटात पडतं. लिज्जतच्या पाकिटावरून दया मागितल्यासारखं काही वाटत नाही. जाहिरातीतसुद्धा ससा होता, रामदास पाध्येंनी केलेला तो बाहुला, कर्रम कुर्रम करत पापड खाणारा. रडणारी बाई दाखवायचा मोह त्यांना सहज झाला असता, गोष्ट तर खरी होती हातात, पण त्यांनी ससा दाखवला! आणि ती खाकी खोक्यावाली मंडळी बघा, हातात गोष्ट नसताना फोटो छापतात.

१९६२ मध्ये वाढत वाढत बायका इतक्या झाल्या की गच्ची पुरेना, तेव्हापासून मळलेलं पीठ घरी न्यायची पद्धत आली. त्याच वर्षी नावासाठी बायकांमध्येच स्पर्धा घेतली, त्यातून 'लिज्जत' आलं, बक्षीस ५ रुपये. आता ब्रँड नेमला लोक लाखो रुपये मोजतात. १९६६ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली, त्याच वर्षी खादी ग्रामोद्योग आयोगाने मान्यता दिली, आणि मग गाडी रुळावर. गुजरातमधलं वालोड ही महाराष्ट्राबाहेरची पहिली शाखा, १९६८. सगळंच यशस्वी झालं असं मात्र नाही हं, अगरबत्ती, काडेपेटी, चामड्याच्या वस्तू असे प्रयोग केले आणि ते बंद पडले. डिटर्जंट टिकला, ससा नावाचा, अजून मिळतो.

आणि मुख्य मुद्दा मालकीचा. लाटणारी प्रत्येक बाई सभासद, म्हणजे मालक. पुरुष ड्रायव्हर असतात, हिशेबनीस असतात, पण पगारी, सभासद होऊ शकत नाहीत. (आमच्या घरातल्या पुरुषवर्गाने हे वाचून 'हा अन्याय आहे' म्हटलं, त्यांना म्हटलं आधी एक लाटून दाखवा.) शाखा चालवणारी संचालिकाही या बायकांतूनच पुढे येते, अगदी अध्यक्षसुद्धा. नफा झाला तर वाटणी सारखी, कोण किती वर्षं आहे, कुणाची बोटं किती वेगात चालतात याचा त्याच्याशी संबंध नाही. वणाई ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणे, नफा सगळ्यांना सारखा. कधी कधी तो सोन्याच्या रूपात दिलाय. सोनं का, हे आपल्याकडे कुठल्याही बाईला समजावून सांगावं लागत नाही. रोख घरात आली की तिला वाटा फुटतात, दिराची गाडी, नणंदेचं लग्न, पण बाईच्या नावाने आलेलं सोनं मागायला जरा जड जातं.

लाटायचं काम अजूनही हातानेच आहे. मशीन आणलं तर पापड जास्त आणि स्वस्त निघतील हे काय त्यांना कळत नसेल? पण मग ४५ हजार घरांतली सकाळची रोख कुठून यायची. धंद्याच्या पुस्तकात ही अकार्यक्षमता असेल, असो बापडी.

आता दुसरी बाजू पण लिहिते, नाहीतर म्हणाल हिला पापड फुकट मिळाले. हे काम सोपं नाही. तासन् तास मांडी घालून नाहीतर एक पाय दुमडून बसायचं, मान खाली, गुडघे, कंबर, मनगट सगळं बोलायला लागतं. काकू उठताना भिंतीला हात लावून उठतात. लाटलं तर पैसे, नाही लाटलं तर नाही, ठरलेला पगार असा नाही. आजारपणात दोन दिवस गेले की ते दोन दिवस गेले. ही सगळ्या घरबसल्या कामाची दुखरी बाजू आहे, विडी असो, शिवण असो, पापड असो, घरात बसून केलेल्या कामाला लोक काम समजत नाहीत, आणि घरचा स्वयंपाक, धुणं, पाणी भरणं त्यातून सुटत नाहीच. नफ्यातला वाटा हा त्याच्यावर उतारा आहे, पूर्ण औषध नाही. काकूंना मी एकदा विचारलं की मग दुसरं काहीतरी का नाही बघितलंत, तर म्हणाल्या, "दुसरीकडे म्हणजे कुठं, लोकांची भांडी? तिथं मला नावाने कोण हाक मारतं? इथं मी गेले नाही तर फोन येतो, बरी आहेस ना म्हणून." मग थोडं थांबून, "आणि मुलीची फी मीच भरली, कुणाच्या पाया नाही पडले." मुलगी आता नर्सिंग करतेय.

यात भावनिक व्हायचं नाहीये मला. मुद्दा एवढाच की माणसाशी नीट वागणं हे धंद्यात बोलण्यातून कमी आणि हिशेबाच्या वहीतून जास्त दिसतं. पैसे कधी देता, किती जणांत वाटता, वरच्या खुर्चीवर कोण बसतं. बाकी वाढदिवसाला केक कापणं, भिंतीवर आपली मूल्यं लिहिणं, ग्राहकाला डिअर म्हणणं, हे सगळं फुकट आहे म्हणून एवढं भरपूर मिळतं. लिज्जतकडून मला आजवर थँक्यू कार्ड आलेलं नाही आणि नको आहे.

कुणीतरी विचारणारच, मग आमच्या इथल्या बचत गटाचे पापड घ्यायचे नाहीत का? अहो घ्या की. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात एक गट येतो, त्यांचे पोह्याचे पापड आणि सांडगी मिरच्या यांना तोड नाही, आणि नाचणीचे, ज्वारीचे, तांदळाचे ते गावाकडचे प्रकार तर गटाकडूनच घ्यावेत. आणि घरी केलेल्या उडदाच्या पापडाचं तर विचारूच नका, मळलेलं पीठ तेलाचा हात लावून कुटायचं, लांब वळी करायची, दोऱ्याने कापून लाट्या पाडायच्या आणि त्यातल्या निम्म्या पोरांनी कच्च्या तेलाबरोबर पळवायच्या. ती चव कुठलंही पाकीट देणार नाही. फक्त गटाकडून घेताना घासाघीस करू नका, मॉलमध्ये एमआरपीवर मुकाट पैसे देतो ना आपण.

घ्यायचा कुठून, तर जवळच्या वाण्याकडून, जिथे माल पटापट खपतो. दहा मिनिटांत आणून देणाऱ्या ॲपवरूनही मिळतो पण दप्तरात कोंबून आणल्यावर पापडाचं जे व्हायचं ते होतं, त्यात ना पापड लाटणारीचा दोष ना त्या बाईकवरच्या पोराचा, त्याला तर मिनिटं मोजून पळवलेलं असतं. नकली मालही बाजारात असतो म्हणून पाकिटावरचं पूर्ण नाव वाचा, श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड, पॅकिंगची तारीख बघा आणि पिशवी दाबून बघा, आत चुरा वाजत असेल तर ठेवून द्या. घरी आणल्यावर पापड घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचे, फ्रीजमध्ये नको, पावसाळ्यात सादळले तर तव्यावर नुसते शेकवून घ्यायचे आणि मग भाजायचे. उडीद साधा आणि लसूण, एक एक पाकीट आणून सुरुवात करा. पंजाबी मसाला पाहुणे येणार असतील तेव्हाच, नाहीतर घरातलेच संपवतात.